संध्याकाळपर्यंतच्या भिंती

मास्तरांनी आयुष्यात जेवढ्या भिंती बांधल्या तेवढ्या त्या शहरात दुसऱ्या कुणीही बांधल्या नसतील, हे त्यांना पाण्यात पाहणारी माणसंसुद्धा कबूल करायची. पण ही गोष्ट सुरू होते तेव्हा त्यातली एकही उभी नव्हती, हेही तितकंच खरं. भूकंप झाला नाही, पूर आला नाही, कुणी तोफा डागल्या नाहीत. रोज संध्याकाळी घंटा झाली की मास्तर स्वतःच हातोडा घेऊन आपल्या भिंती पाडायचे.

यावरून कुणी त्यांना वेडं समजू नये. ही सगळी योजना फार शिकलेल्या माणसांनी आखलेली होती. मास्तर बांधकाम प्रशिक्षण केंद्रात वीटकाम शिकवायचे. सकाळी मास्तरांनी नमुन्याची भिंत बांधून दाखवायची, मुलांनी तशीच बांधायची, दुपारी मास्तरांनी तिला मार्क द्यायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ती पाडायची, विटा खरवडायच्या आणि रचून ठेवायच्या. कारण उद्याच्या भिंतीला त्याच विटा लागणार असायच्या. मालात सिमेंट नसायचंच. चुना आणि वाळू कालवायची, आणि तीही अशा बेतानं की माल घट्ट होता कामा नये. घट्ट झाला तर विटा सुटणार कशा? वापरून वापरून त्या विटांचे कोपरे पावासारखे गोल झाले होते. एकेक वीट किती भिंतींना लागून आली होती याचा हिशोब नाही, पण घर म्हणून काय असतं ते त्यातल्या एकीनंही पाहिलं नव्हतं.

मुलांनी मास्तरांचं नाव ओळंबा ठेवलं होतं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन; भिंतीशेजारी सोडलं की ती सरळ आहे की तिरकी ते कळतं. मास्तरांच्या खिशात तो कायम असायचा. चालायचेही ते तसेच, वरून कुणीतरी दोरीनं धरल्यासारखे ताठ. भिंत सुतभर जरी तिरकी असली तरी मार्क गेले, सांधा जरा जाड झाला तरी मार्क गेले, आणि वर तोंडाचा पट्टा सुरू. त्यांच्या हातून पास होणं म्हणजे नाकी नऊ येणं.

मास्तर स्वतः याच केंद्रात शिकले आणि पहिले आले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, की असं हुशार पोर साईटवर घालवायचं नाही, याला इथेच ठेवा. बघा, काय न्याय आहे. जे काठावर पास झाले ते बाहेर गेले आणि त्यांनी शहर बांधलं, दवाखाने बांधले, पूल बांधले. जो सगळ्यांत चांगला, त्याला वर्गात ठेवून घेतला. आपण रोज ज्या छपराखाली निर्धास्त झोपतो ते कुणी घातलंय याचा फार विचार करू नये, एवढंच मी म्हणेन.

वर्गात एक मोठं रंगीत चित्र टांगलेलं होतं. त्यावर एक शिडी. सगळ्यांत खालच्या पायरीवर हेल्पर, डोक्यावर घमेलं, कपडे मळलेले. त्याच्या वर गवंडी, मग मुकादम, मग फोरमन, आणि सगळ्यांत वर कंत्राटदार, पांढरा शर्ट, हातात गुंडाळलेला नकाशा. पायरी चढेल तसे कपडे स्वच्छ होत जायचे आणि हसू रुंद होत जायचं. नवी मुलं आली की मास्तर छडी घेऊन ही शिडी समजावून सांगायचे. मेहनत करा, एकेक पायरी चढा, कष्टाला पर्याय नाही, वगैरे. त्या शिडीवर मास्तरांची पायरी कुठली, हे चित्र काढणाऱ्याला सुचलं नव्हतं. मास्तर शिडीच्या बाजूला, जमिनीवर, छडी घेऊन उभे. आणि गंमत म्हणजे इतक्या वर्षांत त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

वाटायचं ते त्यांच्या बायकोला. ती घरी शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिच्या हातचं काहीतरी असायचं. आणि घरात मास्तरांच्या हातचं काय होतं? शून्य. न्हाणीघराची पायरी फुटली तर मास्तर म्हणायचे, सुट्टीत बघू. सुट्टी यायची आणि जायची. शेवटी एका दुपारी मास्तर केंद्रात असताना तिनं रस्त्यावरून जाणारा एक गवंडी हाक मारून आत बोलावला आणि पायरी करून घेतली. मास्तर घरी आले, खिशातून ओळंबा काढला, पातळी बघायला बुडबुड्याची पाणसळ लावली, आणि त्या पायरीला नापास केलं. बायको म्हणाली, बरं. ती नापास पायरी वापरत घरातली माणसं अजून आंघोळीला जातात.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना केंद्राला नवे संचालक आले. या गृहस्थांनी आयुष्यात वीट हातात धरली असेल तर ती कोनशिलेच्या वेळी, फोटोपुरती. पण त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की शिकवणाऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. झालं. फतवा निघाला: ज्याला साईटचा अनुभव नाही त्यानं हंगामभर साईटवर काम करावं आणि तिथला दाखला आणावा. दाखला नाही तर शिकवणं बंद. त्या माणसानं स्टोअरमध्ये बसायचं आणि मुलांना थाप्या, घमेली वाटायची. हा नियम संचालकांना लागू आहे का, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

बाकीच्या सगळ्यांनी कधी ना कधी बाहेर काम केलेलं होतं. घोडं अडलं ते एकट्या मास्तरांचं. जो माणूस इतरांना गवंडी करून पाठवायचा तो स्वतः गवंडी आहे असं बाहेरच्या कुणी लिहिलेला चिटोराही त्याच्याजवळ नव्हता. स्टोअरची खोली त्यांच्या डोळ्यांपुढे आली: जाळीची खिडकी, बाहेर मुलांची रांग, आणि कुणीतरी म्हणतंय, अहो स्टोअरवाले, एक घमेलं द्या. मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. पण वरवर म्हणाले, की त्यात काय, तिथल्या लोकांना चार गोष्टी शिकवून येऊ.

साईटवर गेले तर फोरमन ओळखीचा निघाला. मास्तरांचाच विद्यार्थी. मास्तरांनी त्याला नापास केलेलं, आणि एकदा नव्हे. शेवटी कंटाळून तो केंद्र सोडून हेल्पर म्हणून कामाला लागला होता आणि आता एका मोठ्या इमारतीचं सगळं काम त्याच्या शब्दावर चालायचं. मास्तरांना बघून तो उठला, स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. मास्तरांनी चहा घेता घेता मागच्या भिंतीकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. फोरमनला ती नजर बरोबर ओळखू आली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा तो वळून आपल्या भिंतीचे सांधे तपासू लागला.

पहिल्या दिवशी मास्तरांना दोन खोल्यांमधली एक भिंत दिली. शेजारच्या खोलीत शिट्टी नावाचा गवंडी होता. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा म्हणून ते नाव. मास्तरांनी दोरी ताणली, थर लावला, प्रत्येक वीट थापीच्या दांड्यानं ठोकून बसवली, ओळंबा सोडला, पाणसळ ठेवली, एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. शिट्टीचं शेजारी सपासप चाललं होतं. ओळंबा बिळंबा काही नाही, एक डोळा मिटला की झालं. दुपारपर्यंत त्याची भिंत डोक्यावर गेली. मास्तरांची कमरेपर्यंत आली, पण काय भिंत होती ती! सांधे असे एकसारखे, की बघणाऱ्यानं नुसतं बघत राहावं. येणारे जाणारे हेल्पर थांबून बघायचे. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी काम सुटल्याचा भोंगा वाजला. लोक हातपाय धुवायला निघाले. मास्तर उठले, कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि वरच्या थरापासून भिंत पाडायला सुरुवात केली.

लोक बघत राहिले. बिचाऱ्यांना वाटलं, एवढा मोठा माणूस केंद्रातून आलाय, त्याला काहीतरी दोष दिसला असेल. सिमेंट अजून ओलं होतं, विटा पटापट सुटल्या. मास्तरांनी एकेक वीट थापीनं खरवडली, भिंतीकडेला ओळीत रचली, आणि वर्गात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, की चला, मोजून घ्या. तेवढ्यात फोरमन आला. त्यानं खोलीत पाहिलं, विटांच्या ढिगाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या हातातल्या हातोड्याकडे पाहिलं.

"मास्तर, भिंत कुठाय?"

मास्तरांना तेव्हा कळलं. कान लाल झाले, हातोडा हळूच खाली ठेवला. "सवयीनं," म्हणाले. शिट्टीनं त्या दिवसात पहिल्यांदा शिट्टी बंद केली, आणि मग जी काही हसाहशी झाली ती जिन्यावरून खाली गेटपर्यंत ऐकू गेली.

फोरमननं ते पोटात घातलं. दुसरी भिंत दिली, दोन खांबांच्या मधली. आता केंद्रातली भिंत म्हणजे ब्रह्मचारी. हॉलच्या मधोमध एकटी उभी. तिला ना खांब, ना दार, ना नळ, ना शेजार. इथे भिंतीला दोन्हीकडे खांब चिकटलेले, आणि मास्तरांनी काय करावं? आधी खांबालाच ओळंबा लावला. हे जगात कुणी करत नाही. डावीकडचा खांब जरासा झुकलेला निघाला. मास्तर थापी ठेवून थेट फोरमनकडे गेले आणि म्हणाले, की खांब नापास आहे, तो काढून नव्यानं ओतावा लागेल, त्याशिवाय आपण विटेला हात लावणार नाही. फोरमननं समजावलं, की त्या खांबावर सगळी इमारत उभी आहे. मास्तर म्हणाले, तो तुमचा प्रश्न.

शेवटी बाबापुता करून त्यांना परत कामाला लावलं. मास्तरांनी हट्टानं भिंत सरळ म्हणजे सरळच चढवली. मग व्हायचं तेच झालं. भिंत सरळ, खांब तिरका, आणि दोघांच्या मधे खाली काही नाही पण वर चांगली हात जाईल एवढी फट. फोरमननं त्या फटीतून हात घातला आणि पलीकडून शिट्टीनं तो धरून जोरजोरात हलवला, लग्नाच्या पंगतीत व्याही भेटावेत तसा. मास्तर हसले नाहीत. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. आपण बरोबर आहोत आणि तरीही भिंत चुकलीय, हे त्यांच्या डोक्यात कुठे बसेना.

त्यानंतर फोरमननं त्यांना शिट्टीच्या हाताखाली दिलं. म्हणजे सरळ सांगायचं तर हेल्पर. चित्रातली सगळ्यांत खालची पायरी. माल कालवायचा, घमेलं उचलायचं, विटा भिजवायच्या. मास्तरांनी घरी सांगितलं, की आपल्याला देखरेखीचं काम दिलंय. बायकोनं त्यांच्या शर्टाच्या खांद्यावरचे सिमेंटचे डाग धुवून काढले.

शिट्टी हा काही फार मोठा कलावंत होता असं समजू नका. त्याच्या भिंती तिरक्या असायच्या. मास्तर त्याची पाठ वळली की हळूच ओळंबा सोडून बघायचे आणि सांगायचे, अरे, इथे पोट आलंय. शिट्टी म्हणायचा, वर गिलावा आहे की, झाकेल. आणि गिलावा झाकायचा. हे मास्तरांना सगळ्यांत लागलं. ज्या सांध्यांवरून त्यांनी पोरांना रडवलं ते सांधे बाहेरच्या जगात दोन दिवसांत गिलाव्याखाली गडप व्हायचे, कायमचे. कुणी मार्क देत नाही, कुणी बघत नाही. पण भिंत राहायची. दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर यायचे तेव्हा ती तिथेच असायची. याची त्यांना सवयच होईना. सकाळी आले की आधी कालच्या भिंतीला तळहात लावून बघायचे, आहे ना जागेवर. शिट्टीनं त्यांना यावरून फार छळलं.

हंगाम संपत आला तेव्हा मास्तरांनी फोरमनला गाठलं आणि म्हणाले, एक तरी काम मला एकट्याला दे. फोरमननं विचार केला आणि गेटजवळची खोली दिली. वॉचमनच्या बिऱ्हाडासाठी एक खोली, एक दार, एक खिडकी. खांब नाही, काही नाही. मास्तरांच्या अंगात पंचविशीतला पोरगा शिरला. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे. भोंगा वाजायच्या आत हातोडा शिट्टीकडे देऊन टाकायचे, हात आपला आहे, भरवसा काय. रोज भिंतीवर पाणी मारायचे. खिडकीखालची सिल, म्हणजे खिडकीचा उंबरा, तर अशी बसवली की पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध, केसभर हलणार नाही. वॉचमन अधूनमधून येऊन विचारायचा, की साहेब, या वर्षी होईल का.

झाली एकदाची. गिलावा झाला, चुना लागला, वॉचमन बायकोपोरांसकट राहायला आला. आणि मास्तर दाखल्यासाठी फोरमनपुढे जाऊन उभे राहिले. फोरमननं लिहायला घेतलं, थांबला, पेन खाली ठेवलं.

"मास्तर, रागावू नका. मला गवंडी असं नाही लिहिता येणार. हेल्पर लिहितो."

"का? भिंत ओळंब्यात नाही?"

"आहे. पण तुमची एक खोली होईपर्यंत शिट्टीनं मजला उभा केला. आणि एका खोलीनं माणूस गवंडी होत नाही, हे तुम्हालाही माहितीय." फोरमननं पेन पुन्हा उचललं. "तुम्ही मला नापास केलंत तेव्हा मी घरी जाऊन रडलो होतो. पण तुम्ही बरोबर होतात मास्तर. नव्हतेच माझे सांधे एकसारखे. आता मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं, तर तेव्हाचं तुमचं खरं कशाला होतं?"

फोरमननं हेल्परचा दाखला लिहून दिला. त्यांनीच घडवलेलं पोर ते. कागद घडी करून खिशात घातला आणि मान खाली घालून चालत घरी आले. ताठ चालायचंही त्या दिवशी विसरले.

आणि मजा पुढेच आहे. आता स्टोअरची किल्ली हातात पडणार म्हणून मास्तर मनाची तयारी करून केंद्रात गेले, तर संचालक खूश. नियमात लिहिलं होतं साईटचा अनुभव. कशाचा अनुभव, ते लिहिलंच नव्हतं. हेल्पर तर हेल्पर. उलट असा ताजा अनुभव असलेला माणूस केंद्रात दुसरा नाही, असा शोध त्यांना लागला. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, बाहेर धो धो पाऊस पडून गेला, आणि अखेर निर्णय आला: मास्तर आता मुख्य प्रशिक्षक. सोमवारी सकाळी सगळ्या मुलांसमोर नेमणुकीचं पत्र द्यायचं ठरलं. बाहेरून पाहुणे येणार होते, म्हणून संचालकांनी बजावलं, की वेळेवर हजर राहा, नाहीतर पत्र दुसऱ्याच्या हातात जाईल, आणि स्टोअर काही कुठे गेलेलं नाही.

ज्या माणसाला जग हेल्पर म्हणतं त्याला मुख्य प्रशिक्षक करायला फक्त मोठं डोकंच लागतं. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. रविवारभर खुर्चीत बसून राहिले. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं: हातोडा, फट, घमेलं, दाखला, सगळं. म्हणाले, आयुष्यभर पोरांना गवंडी केलं आणि मला कुणी गवंडी म्हणत नाही. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. तिनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की उद्या जाता जाता ती खोली मला दाखवा.

सोमवारी सकाळी दोघं निघाली. मास्तरांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, पायात पॉलिश केलेले बूट. बसमधून साईटच्या गेटजवळ उतरले. खोली जागेवर होती. मास्तरांनी नकळत सुटकेचा श्वास सोडला. दारासमोर दोरीवर गाद्या आणि पांघरुणं वाळत घातलेली होती, आणि वॉचमनची बायको एक गादी बडवत उभी होती. कोण पाहिजे, असं तिनं विचारलं. मास्तर म्हणणार होते, की कुणी नाही, सहज आलो. पण बायकोनं मधेच तोंड घातलं आणि अभिमानानं सांगितलं, की ही खोली यांनी बांधलीय.

"असं का," वॉचमनची बायको म्हणाली आणि गादी खाली टाकली. "तुम्हालाच शोधत होते मी. या, आत या, बघा काय करून ठेवलंय."

आणि मग तिनं जे सुरू केलं! पावसात खिडकीखालून पाणी आलं, भिंत भिजली, गाद्या भिजल्या, पोरगं खोकतंय, नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो साहेबांना सांग, साहेब कोण ते कुणाला माहीत नाही. मास्तर आत गेले. खिडकीखाली गिलाव्यावर ओलीचा मोठा डाग पसरलेला होता. त्यांनी तळहात लावला. मग खिडकीतून हात बाहेर काढून सिलवर फिरवला, आणि त्यांना सगळं समजलं. सिल अगदी समपातळीत होती. केसभरही उतार नाही. बाहेरच्या बाजूला जरा उतरती ठेवली असती तर पाणी निथळून गेलं असतं. ते तिथेच साचलं आणि भिंतीत मुरलं. शाळकरी चूक म्हणावी तर शाळेत हिला पैकीच्या पैकी मार्क होते. केंद्रातल्या भिंतीवर कधी पाऊस पडला नव्हता, आणि पाऊस पडेपर्यंत ती टिकलीही नव्हती.

मास्तर भिंतीला हात लावून तसेच उभे राहिले. लाज वाटली त्यांना, खूप वाटली. पोराच्या खोकल्याचं ऐकून तर जीव अर्धा झाला. मागून बायको हळूच म्हणाली, की बस येईल, तिकडे सगळे वाट बघत असतील. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि वॉचमनच्या बायकोला सांगितलं, की काळजी करू नका, उद्या येऊन नक्की करून देतो.

"उद्या," ती म्हणाली. "ऐकलंय मी हे. माझ्या माहेरीही एक होता असाच. पैसे घेतले की उद्या, उद्या, आणि मग तोंड दाखवायचा नाही. तुम्ही गवंडी लोक सगळे इथूनतिथून सारखेच."

मास्तर वळले आणि तिच्याकडे बघतच राहिले. बाई कमरेवर हात ठेवून, चेहरा लाल करून उभी होती. आपण काय देऊन बसलो याची तिला काही कल्पना नव्हती. त्यांना वाटलं, हिला म्हणावं, बाई, अजून एकदा घाल शिव्या. पण असं कुणी म्हणत नाही. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"उद्या नको," ते म्हणाले. "आत्ताच करतो. घमेलं आहे का घरात?"

बायकोनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. बस येऊन थांबली होती. मग तिनं मास्तरांच्या हातातली पिशवी आणि घड्याळ काढून घेतलं आणि बाहेर गाद्यांजवळ सावलीला जाऊन बसली. मास्तर पॉलिशच्या बुटांनी खिडकीखालच्या चिखलात उतरले आणि सिलच्या कडेला छिन्नी लावायची कुठे ते बघू लागले.

वॉचमनच्या बायकोनं घमेलं आणून त्यांच्या पायाशी आदळलं. तिचा राग काही उतरला नव्हता. "आणि ते दार खाली घासतं," ती म्हणाली. "ते कोण बघणार?"

"बघतो," मास्तर म्हणाले. "तेही मीच बसवलंय."